भाकरी, भात की आंबील : कुणाची शुगर कशानं वाढते?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही मधुमेहाचं निदान झालं की हातात एक छापील कागद पडतो. भात बंद, गूळ बंद, बटाटा बंद. सकाळी ओट्स, दुपारी दोन चपात्या, संध्याकाळी सॅलड. कागद बहुतेक वेळा इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतो आणि मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला तो नातवाकडून वाचून घ्यावा लागतो. वाचून झाला तरी तिचे प्रश्न तसेच राहतात, कारण तिच्या चुलीवर रोज जे शिजतं ते त्या कागदावर नसतंच. ज्वारीची भाकरी किती चालेल? नाचणीचं आंबील चालेल का? रात्रीच्या भाताऐवजी चुरमुरे खाल्ले तर? गुऱ्हाळाच्या गावात वाढलेल्या माणसानं साखरेऐवजी चहात गूळ घातला तर काही फरक पडतो का?

या प्रश्नांची उत्तरं आता स्वतःच्या दंडावरून वाचता येतात. दंडाला चिकटवायचा ग्लुकोजचा सेन्सर आपल्याकडच्या मोठ्या औषध दुकानांतून मिळू लागला आहे. त्याचा उपयोग कसा करायचा, त्याच्या मर्यादा काय आणि तो परवडत नसेल तर तीच माहिती साध्या ग्लुकोमीटरवर कशी काढायची, हे नीट सांगायला हवं, कारण हे यंत्र चुकीच्या पद्धतीनं वापरणारे लोकही मला आता बरेच दिसतात.

आधी ते मोजतं काय, हे बघू. दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी चकती दंडाच्या मागच्या बाजूला बसवतात. तिच्याखालची अगदी बारीक, लवचिक तार कातडीच्या आत काही मिलिमीटर जाते. ती रक्तवाहिनीत जात नाही. पेशींच्या भोवती जो द्रव असतो, त्यातलं ग्लुकोज ती दर एक ते पाच मिनिटांनी मोजते आणि आकडा मोबाइलवर येतो. रक्तातलं ग्लुकोज या द्रवात उतरायला थोडा वेळ लागतो, म्हणून सेन्सरचा आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. शुगर झपाट्यानं चढत किंवा उतरत असेल तेव्हा बोटातून काढलेल्या रक्ताचा आणि सेन्सरचा आकडा जुळत नाही, याचं मुख्य कारण हेच. एक सेन्सर साधारण दहा ते पंधरा दिवस चालतो. पहिल्या दिवसाचे आकडे थोडे डगमगते असतात, त्यांच्यावर निर्णय घेऊ नये.

आता कुणी म्हणेल, तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी करतो, तेवढं पुरे नाही का? ती तपासणी महत्त्वाची आहे आणि ती सोडायची नाही. पण ती सरासरी आहे. बेळगाव जिल्ह्याची पावसाची सरासरी सांगितली तर कणकुंबी-आमगावात जुलैमध्ये धो धो कोसळणारा पाऊसही कळत नाही आणि अथणीकडचं कोरडं शिवारही कळत नाही. तसंच, एचबीए१सी ७.५ आलेल्या दोन माणसांपैकी एकाची शुगर दिवसभर एकसारखी थोडी जास्त असू शकते, तर दुसऱ्याची नाश्त्यानंतर २६० ला जाऊन पहाटे ६० ला उतरत असू शकते. दोघांच्या कागदावर आकडा एकच, उपचार मात्र वेगळे. या दुसऱ्या माणसाचं दुखणं फक्त सेन्सरच्या आलेखातच दिसतं.

म्हणून सेन्सर वापरताना डॉक्टर बघतात ती गोष्ट वेगळी आहे. दिवसातला किती वेळ शुगर ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पट्ट्यात राहिली? २०१९ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेल्या निकषानुसार बहुतेक प्रौढ रुग्णांचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ या पट्ट्यात जावा आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी जावा. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्या माणसांसाठी निकष सैल आहे : ५० टक्क्यांहून जास्त वेळ पट्ट्यात आणि ७० च्या खाली १ टक्क्याहून कमी. म्हाताऱ्या माणसाची शुगर थोडी जास्त राहिली तर चालते. पण ती उतरून चक्कर आली आणि खुब्याचं हाड मोडलं तर फार महागात पडतं.

एकच जेवण, दोन माणसं

२०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एरान सेगल आणि एरान एलिनाव यांच्या गटानं ८०० लोकांना सेन्सर लावून त्यांच्या ४६ हजारांहून जास्त जेवणांचा अभ्यास केला. या लोकांना मधुमेह नव्हता. तेच अन्न तेवढंच दिलं तरी वेगवेगळ्या माणसांची शुगर वेगवेगळी चढली. कुणाची केळ्यानं चढली आणि बिस्किटानं नाही, कुणाचं नेमकं उलटं. पुढे ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त लोकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर हुबेहूब जुळ्या भावंडांतही असा फरक दिसला. आतड्यातले जिवाणू, झोप, शरीराची इन्सुलिनला मिळणारी साथ, जेवणाची वेळ, आदल्या जेवणात काय होतं, अशा बऱ्याच गोष्टींचा त्यात हात असतो.

याचा अर्थ पोषणाचे नियम खोटे ठरले असा कुणी काढू नये. मैदा, साखर, सरबत यांनी मधुमेही माणसाची शुगर चढतेच. फरक पडतो तो मधल्या पदार्थांत, आणि आपलं रोजचं जेवण या मधल्या पदार्थांचंच असतं.

माझ्या थोरल्या काकू खानापूर तालुक्यातल्या. लग्नाआधीही भात, लग्नानंतरही भात. शुगर निघाली तेव्हा कागदावर पहिली ओळ होती 'भात बंद'. तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "तांदूळ सोडून जेवायचं तरी काय गा?" शेवटी त्यांनी सकाळी मोठा पेलाभर नाचणीचं आंबील सुरू केलं, कारण नाचणी शुगरला चांगली असं सगळेच सांगतात. गोळ्या चालू असूनही एचबीए१सी उतरेना, म्हणून डॉक्टरांनी सेन्सर लावला. पहिल्या तीन-चार दिवसांतच चित्र स्पष्ट झालं. आंबील प्यायल्यावर तासाभरात आलेख दोनशेच्या वर जात होता. एका दुपारी पाहुणे आले म्हणून त्यांनी भात खाल्ला. वाटीभर इंटाण तांदळाचा भात, त्यावर मसूरची घट्ट आमटी, वांग्याची भाजी, शेवटी ताक. त्या दुपारी आलेख १७० पर्यंत जाऊन सावकाश उतरला.

असं का झालं, हे समजून घेतलं तर तुमच्याही ताटाला ते लागू पडेल. नाचणीत तंतू आहेत, कॅल्शियम आहे, हे खरं. पण आंबिलासाठी तिचं बारीक पीठ होतं आणि भरपूर पाण्यात ते इतकं शिजतं की त्यातला स्टार्च पूर्ण फुलतो. मग आपण ते न चावता दोन मिनिटांत पिऊन टाकतो. पोटाला फोडायला काही उरलेलंच नसतं. त्याच नाचणीची भाकरी चावावी लागते आणि ती सहसा नुसती खाल्ली जात नाही. काकूंनी आंबील सोडलं नाही, त्यांना ते प्रिय आहे. अर्धा पेला ताकातलं, तेही मटकीची उसळ खाऊन झाल्यावर, असं करून पाहिलं. आलेख बराच खाली राहिला. हा त्यांच्या शरीराचा आणि त्यांच्या गोळ्यांचा हिशोब आहे. तुमचा वेगळा निघेल आणि तो काढून बघायला हवा, एवढंच यातून घ्या.

दुसरा पदार्थ चुरमुरे. आपल्याकडे संध्याकाळी भडंग किंवा गिरमिट म्हणजे हलकं खाणं. हाताला हलकं लागतं हे बरोबर. पण चुरमुरा म्हणजे उष्णतेनं फुगवलेला तांदूळ. त्यातला स्टार्च पचनाला अगदी सोपा झालेला असतो आणि शुगर चढवण्याचा त्याचा वेग भाताहून कमी नसतो. त्यात भरपूर शेंगदाणे, डाळं, कांदा, टोमॅटो असेल आणि चुरमुरे मूठभरच असतील तर गोष्ट वेगळी. चहाबरोबर बेकरीतलं बटर, टोस्ट, खारी खाणाऱ्यांनी तर दुपारी चार ते सहाचा आलेख जरूर बघावा. जेवणात सगळं पाळूनही शुगर आटोक्यात का येत नाही, याचं उत्तर पुष्कळदा त्या दोन तासांत सापडतं.

गुळाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण उसाच्या पट्ट्यात याबद्दल फार हळवेपणा आहे. गुळाचा बहुतांश भाग सुक्रोज आहे, म्हणजे साखरच. त्यात थोडी खनिजं असतात, पण शुगरच्या आलेखाला खनिजं दिसत नाहीत. मधुमेह असलेल्या माणसानं साखरेऐवजी गुळाचा चहा तेवढाच गोड प्यायला तर आलेख जवळजवळ तसाच येतो. हे ऐकून माझ्या ओळखीतले गुऱ्हाळवाले नाराज होतात, पण शरीर गूळ आणि साखर यांच्यात तसा भेद करत नाही.

पदार्थ तोच, क्रम वेगळा

सेन्सरचा मला सगळ्यांत मोठा उपयोग वाटतो तो इथे. काय सोडायचं यापेक्षा, जे खातोच आहोत ते कसं खायचं हे त्यातून कळतं. अमेरिकेत २०१५ मध्ये ११ मधुमेही लोकांवर एक छोटा प्रयोग झाला. एके दिवशी पाव आणि फळांचा रस आधी, भाजी आणि मांसाहार नंतर. आठवड्यानंतर तेच जेवण उलट क्रमानं. भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली तेव्हा तासाभरानंतरची शुगर साधारण ३७ टक्के कमी होती. माणसं कमी होती, पण नंतरच्या अभ्यासांतही हा कल दिसला आहे आणि स्वतःवर करून बघायला यात काही धोका नाही.

आपल्या ताटात हे अवघड नाही. भाकरीबरोबर कच्ची मेथी, मुळा, कांदापात, काकडी खायची पद्धत आपल्या भागात आहेच. ती आधी खा, मग उसळ किंवा झुणका निम्मा संपवा आणि मग भाकरीला हात लावा. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी दह्यात कालवून घेतली तर तीही साथीला. भात शेवटी, थोडा. ज्यांना नुसता आमटी-भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, त्यांनी भाताची वाटी लहान आणि आमटीची वाटी मोठी करून आलेख बघावा. मग उकडा तांदूळ, बेळगाव बासमती, सोनामसुरी असे प्रकार बदलून बघता येतात. उकड्यानं बऱ्याच जणांची शुगर थोडी सावकाश चढते, पण कुठलाही तांदूळ ताटभर घेतला तर प्रकाराचा फायदा उरत नाही.

जेवल्यावर चालण्याबद्दलही चांगला पुरावा आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठानं ४१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसात कधीतरी एकदम ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपली रात्रीची जेवणं जड असतात आणि नंतर लगेच अंथरूण, म्हणून हे आपल्याला फारच लागू आहे. अंगणात किंवा गच्चीवर फेऱ्या मारल्या तरी चालतं.

एक गोष्ट सेन्सर लावलेल्या जवळजवळ प्रत्येकाला घाबरवते. रात्री काही खाल्लं नाही, तरी पहाटे चार ते आठ शुगर चढते. यात तुम्ही काही चुकलेलं नसतं. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. मधुमेहात त्याला आवर घालायला इन्सुलिन पुरत नाही. रात्रीचं जेवण आणखी कमी करून उपाशी झोपल्यानं हे थांबतं असं नाही. हा आलेख डॉक्टरांना दाखवायचा असतो.

आलेख सांगत नाही त्या गोष्टी

एका जेवणावरून निकाल लावू नका. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मधुमेह नसलेल्या लोकांना तेच जेवण काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा दिलं, तेव्हा त्याच माणसाचा आलेखही दोन वेळा बराच वेगळा आला. म्हणजे 'मला इडली चालते, डोसा चालत नाही' असं एका सकाळच्या आकड्यावरून ठरवणं कच्चं आहे. तोच पदार्थ, तेवढाच, त्याच वेळी, निदान तीनदा खाऊन बघा आणि आदल्या रात्री झोप कशी झाली होती, काम किती झालं होतं, हेही वहीत लिहा. मोबाइलवर तयार सल्ला देणाऱ्या ॲपवर विसंबायच्या आधी ही वही भरा.

दुसरा सापळा मोठा आहे. तेल, तूप आणि मटण यांनी शुगर लगेच चढत नाही. त्यामुळे सेन्सर लावल्यावर काही जण भाकरी एकदम तोडतात आणि फरसाण, भजी, तुपातलं खाणं वाढवतात. आलेख सपाट, माणूस खूश. पण मधुमेहात हृदय आणि मूत्रपिंड यांनाही धोका असतो. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मीठ यांचा हिशोब सेन्सर ठेवत नाही. शिवाय तेलकट जेवणानं शुगर चढते, फक्त उशिरा. जत्रेतलं रात्रीचं मटण आणि वडे खाल्ले तर चढ मध्यरात्रीनंतर येतो आणि पहाटेपर्यंत रेंगाळतो. दोन तासांनी बोट टोचून १५० बघितलेल्या माणसाला तो कळतच नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी आणि मांसाहार वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावंच लागतं.

सेन्सरनं फायदा होतो का, याचं उत्तर कुणाला लावला यावर आहे. रोज एकदा किंवा दोनदा दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन घेणाऱ्या टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ महिन्यांनी सेन्सरवाल्यांचा एचबीए१सी सरासरी ९.१ वरून ८.० वर आला, बोट टोचणाऱ्यांचा ९.० वरून ८.४ वर. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांत तो आणखी लहान असतो. म्हणून अशा माणसानं वर्षभर सेन्सरमागून सेन्सर लावत काही हजार रुपये दर पंधरवड्याला घालवावेत असं मला वाटत नाही. एकदा लावावा, वही भरावी, शिकावं.

आणि तोही परवडत नसेल तर ग्लुकोमीटर. एक स्ट्रिप साधारण वीस रुपयांच्या आसपास पडते. एक जेवण निवडा, समजा दुपारचं. पहिला घास घेण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा बोट टोचा. दोन्ही आकडे आणि ताटात काय होतं ते लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच जेवण, पण एकच गोष्ट बदलून : भाकरी दोनऐवजी दीड, किंवा क्रम उलटा, किंवा जेवल्यावर दहा मिनिटं चालणं. जेवणानंतरचा आकडा १८० च्या खाली राहतो का बघा. दोन गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आठवड्यात दोन-तीन जेवणं अशी तपासली तरी महिनाभरात आपलं ताट पुष्कळसं कळतं.

इथे जपून

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी आलेख बघून उत्साहात भाकरी-भात एकदम कमी करू नये. औषधाचा डोस तुमच्या जुन्या ताटाला धरून ठरलेला असतो; ताट बदललं आणि डोस तसाच राहिला तर शुगर उतरते. एकादशी, नवरात्र, वारीतली दिवसभराची चाल यांना हेच लागू आहे. ७० च्या खाली आकडा, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, असं काही झालं आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. खिशात साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवा. कुंदा किंवा पेढा ठेवू नका, दुधाच्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात पोचायला उशीर होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा.

सेन्सर खोटाही बोलतो. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे आकडा उगाच खूप खाली दिसतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्यांनी काही सेन्सरचे आकडे खोटे वाढतात. लक्षणं आणि आकडा जुळत नसेल तर बोटातून तपासून मगच काय ते करा. उन्हात, घामात, ऊसतोडीत चकती निघू शकते, वरून चिकटपट्टी लावावी. सुई न टोचता शुगर सांगणारं मनगटी घड्याळ किंवा अंगठी कुणी विकत असेल तर घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जाहीर इशारा दिला, तेव्हा अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची मान्यता नव्हती. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

पुन्हा सेन्सर कधी लावायचा? औषध बदललं, गरोदरपण आलं, एचबीए१सी कारण नसताना वाढला किंवा रात्री शुगर उतरल्याची शंका आली, की डॉक्टरांना विचारून. शेतकरी घरातल्या माणसाला मी आणखी एक सुचवीन : परवडत असेल तर एक उन्हाळ्यात आणि एक रोपलागणीच्या दिवसांत. मे महिन्यात ओट्यावर बसून खाल्लेली भाकरी आणि जुलैमध्ये दिवसभर चिखलात वाकून आल्यावर खाल्लेली तीच भाकरी, यांचे आलेख फार वेगळे येतात. दोन्ही कागद आणि वही डॉक्टरांपुढे ठेवली की पावसाळ्यात गोळीचा डोस कमी करायला हवा का, हे त्यांना ठरवता येतं.